बिडाला जोडणारा टॉर्च

मित्रांनो, भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कातल्या एका घरात, स्वयंपाकघराच्या माळ्यावर, गणपतीच्या मखराचे पुठ्ठे आणि रिकामा पिठाचा डबा यांच्या मध्ये एक हिरवी पत्र्याची पेटी आहे. तिला दोन कड्या आहेत आणि त्यांतली एक गंजली आहे. त्या पेटीत मी राहतो. मी एक जुना पावडर टॉर्च आहे.

टॉर्च म्हटल्यावर वीज गेली की शोधतात ती बॅटरी तुमच्या डोळ्यांसमोर आली असेल. त्यात तुमचा दोष नाही. मी वेल्डिंगचा टॉर्च. माझा दांडा पितळेचा, तोंड तांब्याचं आणि पाठीवर मुठीएवढी बाटली, शाळेत निघालेल्या मुलाच्या दप्तरासारखी. त्या बाटलीत निकेलची राखाडी पावडर भरतात. दांड्यावरची पट्टी अंगठ्यानं दाबली की पावडर ज्योतीत उतरते, ज्योतीबरोबर उडत जाऊन तापलेल्या धातूवर बसते आणि तिथंच वितळून त्याच्याशी एकजीव होते. भेग भरणं, झिजलेला कोपरा वाढवणं ही माझी कामं.

माझी सगळी हयात बिडावर गेली. बीड तुम्ही पाहिलं आहे. घावनाचा काळा तवा बिडाचा असतो, जुन्या शिलाई मशीनचे नक्षीदार पाय बिडाचे असतात, रस्त्यावरचं गटाराचं झाकण बिडाचं असतं. बीड म्हणजे लोखंडाचाच भाऊ, पण स्वभावानं फार ताठ. लोखंडावर घाव घातला तर ते वाकतं. बीड वाकत नाही. ते सोसतं, सोसतं आणि एक दिवस तडकतं. त्याला पुन्हा जोडायचं म्हणजे मोठी मिनतवारी. आधी सगळ्या अंगाला हळूहळू ऊब द्यायची, मग नेमक्या जागी कडक ज्योत लावायची, आणि काम झालं की गरम राखेत पुरून ठेवायचं, म्हणजे ते सावकाश निवतं. यात कुठंही घाई केली की जोडाच्या शेजारीच नवी भेग पडते आणि केलेले सगळे कष्ट पाण्यात जातात.

मला विकत घेतलं ते लीलाधर नावाच्या माणसानं. लीलाधर जुन्या भाईंदरच्या कोळ्याच्या घरातला. त्याच्या तीन पिढ्या बोटीवर गेलेल्या, आणि हा पठ्ठ्या बोटीत पाय ठेवला की ओकायचा. बंदरावर त्याची फार चेष्टा व्हायची. शेवटी त्याच्या वडिलांनी कपाळाला हात लावला आणि त्याला इंजिनाच्या कामाला घातलं. तिथं मात्र त्याचा हात बसला. काशीमीऱ्याला ट्रकच्या गॅरेजांच्या मागे त्यानं पत्र्याची शेड घेतली. ज्या बोटींवर त्याला पाच मिनिटं उभं राहता येत नव्हतं, त्याच बोटींचे पंप आणि गिअरपेट्या टेम्पोत बसून त्याच्या दारात येऊ लागल्या. चेष्टा करणारे हात जोडून उभे राहू लागले, आणि लीलाधर त्यांना मुद्दाम थोडा वेळ उभं ठेवायचा.

शेडमध्ये भिंतीला साखळीनं बांधलेले तीन सिलिंडर असत. काळा ऑक्सिजनचा, मरून रंगाचा ॲसिटिलीनचा आणि निळा एलपीजीचा. हॉटेलात चहा उकळतो तो निळा. ऑक्सिजन तर हवाच, पण त्याच्या जोडीला कोणता गॅस घ्यायचा यावर बिडाचं नशीब ठरतं. माझ्या पेटीत दोन्ही गॅसची नोझलं, म्हणजे तोंडावर चढवायची टोकं, होती. ॲसिटिलीनचं बारीक आणि एलपीजीचं जाडं. पण लीलाधरचा नियम पहिल्या दिवसापासून एकच होता. शेकायला निळा, जोडायला मरून.

एकदा त्याची बायको सत्यवती डबा घेऊन शेडमध्ये आली होती. तिनं विचारलं, "दोन्ही गॅसच ना? मंग त्या निळ्याचा येवढा राग कशापायी?"

"राग न्हाय गं," लीलाधर म्हणाला. "तू भाकरी भाजतेस ती पसरट जाळावर. आनि फोडनीला? फोडनीला कडक आच पायजे, नुसती एवढीशी. हा निळा भाकरीवाला हाय, म्हनून त्याचा त्वांडपन जाडा. सगळा भांडा तापवतो, पन जिथं पायजे तिथं त्याची धार न्हाय. वर ऑक्सिजन ढीगभर पितो आनि पावडर जालून टाकतो. मरूनची ज्योत सुईवानी. पावडर पटकन वितळते, बाजूच्या बिडाला कललापन न्हाय पायजे."

सत्यवतीनं मान हलवली आणि भरलेल्या बोंबलाचा डबा उघडला. तिला एकदा सांगितलेलं ती विसरत नसे. हे मी तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो.

बरीच वर्षं मी लीलाधरच्याच हातात होतो. मग त्याचे डोळे अधू झाले, हात थरथरू लागला, आणि मी बुद्धभूषणच्या हातात गेलो. बुद्धभूषण तेव्हा तिशी उलटलेला, लग्न झालेला, शिकलासवरलेला वेल्डर होता. त्याचे आईवडील परभणीकडून आलेले, त्याचं बालपण मात्र सगळं मीरा रोडला गेलेलं. तो तोंडाचा फटकळ होता आणि हाताचा फार हळुवार. काम चालू असताना तो माझ्याशी बोलायचा. "चल रे, जरा दम धर, अजून लाल नाही झालं," असं पुटपुटायचा. काम संपलं की माझं नोझल पुसायचा, फुंकर मारायचा आणि मगच पेटी बंद करायचा. एकही दिवस त्यात खंड पडला नाही. मित्रांनो, मी पितळेचा आहे, पण त्या हातांची मला सवय लागली होती.

रोज सकाळी एक सोहळा असायचा. आदल्या दिवशी राखेत पुरलेलं बीड बाहेर काढायचं आणि लीलाधरनं त्यावर लहान हातोडी हलकेच मारायची. टण्ण आवाज आला की जोड पक्का. खट्ट आला की पुन्हा सगळं नव्यानं. टण्ण आवाज आला की लीलाधर बुद्धभूषणकडे बघून म्हणायचा, "भूषण, ऐकलास?" बुद्धभूषण म्हणायचा, "ऐकलं, काका." एवढंच. दहा वर्षं त्या दोघांनी एकमेकांचं कौतुक दुसऱ्या कुठल्या शब्दांत केलं नाही. मला वाटायचं, हे असंच चालणार.

आता त्या दिवसाचं सांगतो. सांगायला नको वाटतं, पण ते सोडून माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं दुसरं काही उरलेलं नाही.

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठायला एक दिवस उरला होता. सत्यवतीचा धाकटा भाऊ प्रणित यानं आपल्या बोटीच्या पाण्याच्या पंपाचं बिडाचं कवच दुरुस्तीला आणलं. हा पंप समुद्राचं पाणी ओढून इंजिन थंड ठेवतो. कवचाला वीतभर भेग गेली होती. बोट त्यांच्या वडिलांनी बांधलेली, आणि तिचं नाव त्यांनी लेकीवरून ठेवलेलं, सत्यवती. त्यांच्या घरातला एक रिवाज होता. बंदी उठायच्या आदल्या सकाळी घरच्या लेकीनं बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नारळ फोडायचा, आणि एकदा नारळ फुटला की बोट दुसऱ्या पहाटेच्या भरतीला निघालीच पाहिजे. सत्यवतीनं त्या सकाळी नारळ फोडला होता. पंप तर काय, नवराच करतोय, संध्याकाळपर्यंत होईलच, असं ती धरून चालली होती.

आणि नेमका मरून सिलिंडर संपला. दुसरा मागवला तो दुपारी आला. पण गाडीवाल्यानं तो टेम्पोत आडवा टाकून आणला होता. आता हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. ॲसिटिलीनच्या सिलिंडरच्या पोटात एक द्रव असतो आणि गॅस त्या द्रवात मुरलेला असतो. सिलिंडर आडवा झाला की तो द्रव तोंडाशी येतो. लगेच वापरला तर द्रव ज्योतीत उतरतो, ज्योत बिघडते, प्रसंगी धोकाही होतो. म्हणून तो उभा करायचा आणि तासन्‌तास तसाच राहू द्यायचा. शेडमधला नियम तर चांगला दुसऱ्या सकाळपर्यंतचा होता, आणि तो लीलाधरनंच घातला होता.

बुद्धभूषणनं सिलिंडर उभा केला, साखळी लावली आणि म्हणाला, "काका, हा उद्या सकाळी. उद्या मारतो, दिवसभर राखेत ठेवतो, संध्याकाळी देऊ. एक दिवस जाईल."

तेवढ्यात प्रणितचा फोन आला. लीलाधरनं फोन कानाला लावला आणि बराच वेळ नुसता "हा, हा" करत राहिला. फोन ठेवून तो म्हणाला, "निळ्यावर मार."

"निळ्यावर? बिडाचा पंप आहे, काका. आणि समुद्रात जायचाय."

"मना कलतं रं, कुठं जायचाय ते. नारळ फुटलाय. पहाटे बोट निघाली न्हाय तर बंदरावर काय त्वांड दाखवू? जावयाच्यापायी बोट उभी राहिली म्हनतील."

"म्हणू देत ना."

"तुझ्या घरचा नारळ असता तर असा बोलला नसता," लीलाधर म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "जपून मार. तुझा हात चांगला हाय. होईल."

बुद्धभूषणनं माझं बारीक नोझल काढलं आणि जाडं चढवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी निळ्या सिलिंडरच्या नळीवर बीड जोडायला पेटलो. काय सांगू तुम्हाला? माझी ज्योत पसरट, फुगीर, बिनधारेची झाली. पावडर लवकर वितळेना म्हणून तो मला एकाच जागी जास्त वेळ धरत होता, आणि तितका वेळ भेगेच्या आजूबाजूचं बीड नको तेवढं तापत होतं. वरून थर छान दिसत होता. गुळगुळीत, चकचकीत. पण तो बिडात उतरला नव्हता, नुसता वर बसला होता. मला ते कळत होतं, बुद्धभूषणच्या अंगठ्यालाही कळत होतं. तो त्या दिवशी माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

संध्याकाळी प्रणित शेडमध्ये डोकावला. माझी नळी अजून निळ्याला लागलेली होती. त्यानं नळीकडे पाहिलं, मग निळ्या सिलिंडरकडे पाहिलं आणि विचारलं, "झाला का, भावोजी?" मला वाटलं, सहज पाहिलं असेल.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो पुन्हा आला. लीलाधरनं कवच राखेतून काढलं, गोणपाटात गुंडाळलं आणि त्याच्या हातात दिलं. हातोडी खिळ्यावर टांगलेली होती. त्यानं ती उतरवली नाही.

तिसऱ्या दिवशी उत्तनच्या पुढे पंपाचं कवच जोडावरच फाटलं. इंजिन तापून जाम झालं. समुद्राला ऐन पावसाळ्यातलं उधाण. बोट वाहत जाऊन खडकांवर आपटली आणि फुटली. दुसऱ्या बोटीवाल्यांनी माणसं ओढून घेतली, चौघंही वाचले. पण वडिलांच्या हातची बोट गेली. ओहोटीला लोकांनी इंजिन सोडवून आणलं, आणि पाचव्या दिवशी प्रणित ते कवच घेऊन शेडमध्ये आला. त्याच्याबरोबर बंदरावरची सात-आठ माणसं होती. मागे सत्यवती पदर तोंडाला लावून उभी होती.

त्यानं कवच टेबलावर आपटलं. थर खपली निघावी तसा सबंध सुटला होता आणि खाली बीड जसंच्या तसं राखाडी होतं. शेजारी नवी भेग, पहिलीपेक्षा मोठी.

"कोनी मारला हा जोड?" प्रणितनं विचारलं.

लीलाधर त्या थराकडे बघत होता. मग तो म्हणाला, "टॉर्च भूषणच्या हातात होता."

यातला एकही शब्द खोटा नव्हता, मित्रांनो. टॉर्च खरंच त्याच्या हातात होता. मीच तो टॉर्च. माझ्याइतकं ते कुणाला ठाऊक?

माणसं बुद्धभूषणवर ओरडू लागली. कुणी म्हणालं, परक्याच्या हातात काम दिलं की असंच व्हायचं. कुणी याहून वाईट बोललं, ते मी तुम्हाला सांगणार नाही. बुद्धभूषण त्यांच्याकडे बघत नव्हता. तो लीलाधरकडे बघत होता आणि वाट बघत होता. लीलाधर निदान एवढं एक वाक्य तरी बोलेल याची, की "मी सांगितलं होतं." लीलाधरनं ते म्हटलं नाही.

मग बुद्धभूषणनं मला उचललं आणि पेटीत ठेवलं. नोझल पुसलं नाही, काढलंही नाही. जाडं नोझल तसंच माझ्या तोंडावर ठेवून त्यानं दोन्ही कड्या लावल्या. जाताना मरून सिलिंडरपाशी क्षणभर थांबला आणि म्हणाला, "काका, याला उभं राहून पाच दिवस झाले. आता वापरायला हरकत नाही."

तो गेला, तो परत आला नाही. काशीमीऱ्याच्या गॅरेजांत बातमी पसरायला वेळ लागत नाही. बिडाचं काम त्याला कुणी देईना, मग कुठलंच देईना. लीलाधरनंही बीड हातात घेणं सोडलं. दोन वर्षांत शेड गेली, हत्यारं भंगारात गेली. मला मात्र त्यानं घरी आणलं आणि माळ्यावर ठेवलं. पेटी त्यानं कधी उघडली नाही. मी आत पडून खालची भांडी ऐकत असे. हळूहळू कुकरच्या शिट्ट्यांवरून मला सणवार ओळखू येऊ लागले.

पाच वर्षं गेली. यंदा गणपतीआधी सत्यवती मखर काढायला स्टुलावर चढली. पेटी हाताला लागली. तिनं ती खाली घेतली, गंजलेली कडी उलथन्यानं उचकटली आणि मला बाहेर काढलं. पुसता पुसता तिचा हात माझ्या तोंडाशी थांबला. मी म्हटलं होतं ना, तिला एकदा सांगितलेलं ती विसरत नसे.

लीलाधर चहा पीत होता. तिनं मला त्याच्यासमोर ठेवलं. "याला हा जाडा त्वांड का लावलाय?"

लीलाधरनं कप खाली ठेवला.

"शेवटचा काम याच्यावर प्रणितच्या पंपाचा झाला. मंग तो निळ्यावर केला? कोनी सांगितला निळ्यावर कराला? तुम्ही?"

लीलाधरनं होकाराची मान हलवली. सत्यवती खाली बसली. बराच वेळ ती रडली, बोटीसाठी नव्हे. मग उठून तोंड धुतलं आणि म्हणाली, "कपडे घाला. आधी प्रणितकडं जावाचा."

मला पेटीत घालून ती दोघं जुन्या भाईंदरला गेली. प्रणित आता दुसऱ्याच्या बोटीवर जातो. त्या दिवशी तो घरी होता. लीलाधरनं उभ्या उभ्याच त्याला सांगितलं. सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर मारला जाण्याची तयारी असल्यासारखा तो खाली मान घालून उभा राहिला.

प्रणित म्हणाला, "मना माहीत हाय, भावोजी. मी आलेलो ना संध्याकाळी. निळ्याची नळी लागलेली बघितली मी."

"माहीत होता?" सत्यवतीनं विचारलं. "मंग बोललास का न्हाय?"

"तेव्हा मनाच घाई होती. पहाटे बोट काढाची होती. आनि नंतर..." तो थांबला. "नंतर वाटला, भावोजींचा नाव गेला तर तुझ्याच घरावर येईल, ताई. तो भूषण काय, बाहेरचा मानूस. बघेल दुसरीकडं काम, असा वाटला."

सत्यवतीनं भावाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "दोघा जनांनी मिलून एक मानूस खाल्लात," ती म्हणाली. "आता दोघाजन त्याच्या दारात चला."

बुद्धभूषण मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कात एका सोसायटीत पाण्याचे पंप चालवतो. पंप कधी सुरू करायचा, कधी बंद करायचा, एवढंच काम. जवळच एका खोलीत राहतो. दार त्याच्या आईनं, कांताबाईंनी उघडलं. आत त्याची मुलगी सोनू अभ्यासाला बसली होती. बुद्धभूषणचे कानाजवळचे केस पिकले होते. त्यानं लीलाधरला पाहिलं, हातातल्या पेटीला पाहिलं आणि बाजूला होऊन म्हणाला, "या, काका."

लीलाधरनं त्याच्या आईसमोर, लेकीसमोर सगळं सांगितलं. गॅस आपण बदलायला लावला, भूषण नको म्हणत होता, आणि आपण सगळ्यांसमोर गप्प बसलो. बुद्धभूषण शांतपणे ऐकत होता. हे सगळं त्याला ठाऊकच होतं. मग प्रणित म्हणाला, "मना पन माहीत होता, भूषण. पहिल्यापासून. मी पन गप बसलो."

तेव्हा बुद्धभूषणचा चेहरा बदलला. मी त्याला ओरडणाऱ्या माणसांसमोर पाहिलं होतं, तेव्हाही तो असा दिसला नव्हता.

"तुम्हाला माहीत होतं?" त्यानं विचारलं.

प्रणितनं मान खाली घातली.

"मी पाच वर्षं मनाला एकच सांगत आलोय," बुद्धभूषण हळू आवाजात म्हणाला. "काका घाबरले. म्हातारा माणूस, घाबरला. पण बाकीच्यांना माहीत नव्हतं. प्रणितची बोट गेली, त्याला खरं काय ते माहीत नव्हतं, म्हणून तो ओरडला. माहीत असतं तर कुणीतरी बोललं असतं. एवढंच धरून होतो मी. तेही आज काढून घेतलंत."

कांताबाईंनी चहा ठेवला होता. तो कुणीच उचलला नाही. सोनू वहीत बघत बसली होती, पण तिची पेन्सिल थांबली होती.

लीलाधरनं पेटी त्याच्यापुढे सरकवली. "हा तुझा हाय. ठेव."

बुद्धभूषणनं पेटी उघडली. मला हातात घेतलं. मित्रांनो, पाच वर्षांनी ते हात. त्यानं जाडं नोझल फिरवून काढायचा प्रयत्न केला, ते घट्ट बसलं होतं. त्यानं शर्टाचं टोक धरून जोर लावला आणि ते सोडवलं. कप्प्यातून बारीक नोझल काढलं, पुसलं, त्यात फुंकर मारली आणि माझ्या तोंडावर चढवलं. मला वाटलं, आता तो म्हणेल, चल रे. त्यानं मला पेटीत ठेवलं, दोन्ही कड्या लावल्या आणि पेटी लीलाधरच्या मांडीवर ठेवली.

"नको, काका. माझा हात आता ज्योतीला धजत नाही. कुणाला तरी द्या, माळ्यावर ठेवू नका. पण ज्याला द्याल त्याला आधी सिलिंडर उभा ठेवून वाट बघायला शिकवा. पेटवायचं नंतर."

"भूषण," लीलाधर म्हणाला.

"पंपाची वेळ झाली," असं म्हणून बुद्धभूषण चपला घालून बाहेर गेला.

त्यानंतर लीलाधर आणि प्रणितनं बंदरावर जाऊन सगळ्यांना खरं सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. कुणी च्‌च्‌ केलं, कुणी म्हणालं, आता जुनं काय उकरायचं, आणि ते पुन्हा जाळी दुरुस्त करू लागले. बुद्धभूषणच्या दारात त्यांच्यातलं कुणी गेलं नाही. लीलाधर मात्र दर रविवारी सिल्व्हर पार्कात जातो. सोसायटीच्या फाटकाशी उभा राहतो. बुद्धभूषण त्याला खुर्ची आणून देतो, पाणी देतो आणि आपल्या कामाला जातो. तेवढं बघून लीलाधर परत येतो. मला नेईल असा माणूस अजून मिळालेला नाही, म्हणून मी पुन्हा माळ्यावर आहे.

मित्रांनो, माझं एक मागणं आहे. तुमच्या घरात जी हत्यारं असतील ती वापरून झाली की पुसून ठेवा. आणि तुमच्यासमोर कुणावर नसता आळ येत असेल आणि तुम्हाला खरं ठाऊक असेल, तर तिथंच बोला, त्याच वेळी बोला. मी आयुष्यभर बिडावर काम केलं आहे, म्हणून सांगतो. बीड तापलेलं असतं तोवरच पावडर धरतं. ते एकदा निवलं की ज्योत कितीही चांगली असो, हात कितीही हळुवार असो, पावडर त्यावर बसत नाही. ती घरंगळून खाली पडते.

माझ्या तोंडावर आता बरोबर नोझल आहे. बाटलीच्या तळाशी चमचाभर पावडरही उरली आहे. रविवारी लीलाधर घरी येतो तेव्हा सत्यवती खालून विचारते, "बोलला का?" आणि तो म्हणतो, "खुर्ची दिली."